झाकली मूठ आणि माहितीची सुरक्षा

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेला दरोडा महाराष्ट्र अद्याप विसरलेला नाही. ११ ऑगस्टच्या शनिवारी, काही तासांच्या अवधीत, अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातील यंत्रांतून आणखी अडीच कोटी गेले. आणि सोमवारी, १३ तारखेस, 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेच्या द्वारे जवळजवळ चौदा कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवण्यात आले. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही, की पहारेकऱ्यावर कोणी पिस्तूल रोखले नाही. एटीएममध्ये कार्ड सरकवले की 'या खात्यात पैसे आहेत काय' ही पृच्छा बँकेच्या मुख्य संगणकाकडे नेणारी एक मधली यंत्रणा असते. तिला स्विच म्हणतात. चोरांनी या स्विचच्या जागी आपला तोतया बसवला. पृच्छा मुख्य संगणकापर्यंत पोहोचलीच नाही. तोतयाने परस्पर होकार कळवला आणि देशोदेशीची यंत्रे निमूटपणे नोटा मोजून देऊ लागली. भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण निकालात काढण्यास पेशव्यांच्या पुण्याला काही वर्षे लागली होती. हा तोतया दोन दिवसांत आपले काम उरकून गेला.

पोलिसांनी आपले काम केले. बनावट कार्डांनी पैसे काढणाऱ्या साखळीतील अकरा जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरवले. परंतु या हल्ल्यामागील मोठ्या हाताविषयी जगाला काही कळले ते संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे २०१९ मध्ये आलेल्या तज्ज्ञ-मंडळाच्या अहवालातून. उत्तर कोरियावरील निर्बंध कसे मोडले जातात याचा शोध घेणाऱ्या त्या अहवालात गणेशखिंड रस्त्यावरील एका सहकारी बँकेचा उल्लेख यावा, यात जेवढे आश्चर्य आहे तेवढीच विषादाची गोष्टही आहे. त्याच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, पुणे विद्यापीठ आहे. त्याच विद्यापीठाच्या आवारात 'सी-डॅक' ही १९८८ साली स्थापन झालेली संगणक-संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही आणि हिंजवडीला संगणक-उद्योगाचे एक मोठे नगरच वसलेले आहे. असे असता, हा हल्ला नेमका कसा झाला, कोणती कडी प्रथम तुटली, कोणता इशारा कोणाच्या पडद्यावर उमटून वाया गेला, याचा साद्यंत अभ्यास पुण्यातील विद्यार्थ्याच्या क्रमिक पाठात असावयास हवा होता. रेल्वेचा अपघात झाला की चौकशी होते, विमान पडले की त्याचा अहवाल जगभरच्या वैमानिकांना वाचावयास मिळतो. बँकेच्या संगणकावर दरोडा पडला की मात्र सारे संबंधित ओठ मिटून घेतात.

हे मौन समजण्यासारखे आहे. पण समर्थनीय नाही. बँक विश्वासावर चालते आणि आपल्या भिंतीला कोठे भगदाड पडले हे सांगितल्यास ठेवीदार बिथरतील, अशी भीती व्यवस्थापनाला वाटते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा न्याय. उलट बाजूस विद्यापीठांतील प्राध्यापक असतात. त्यांना खऱ्या यंत्रणांचे दर्शनच घडत नसल्याने ते गणिती सिद्धान्तांवर किंवा परदेशांतून मिळालेल्या जुन्या नमुन्यांवर निबंध लिहितात. उद्योग म्हणतो, यांना व्यवहाराची जाण नाही. प्राध्यापक म्हणतात, यांना विद्येची चाड नाही. दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे आहे. भारतीयांनी सायबर-फसवणुकीत २०२४ या एका वर्षात गमावलेली रक्कम सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २२ हजार ८४५ कोटी रुपये होती. आदल्या वर्षीच्या तिपटीहून ती अधिक आहे. हा आकडा पाहता परस्परांविषयीची ही तुच्छता दोघांनाही परवडणारी नाही.

माहितीच्या सुरक्षेचे शास्त्र मुळात बंद दाराआड वाढले. सांकेतिक लिपी ही राजे, सेनापती आणि हेर यांची मिरास होती. ती सामान्य व्यापाराच्या हाती येण्यास आरंभ झाला तो विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात, आणि त्याचा इतिहास आजच्या वादावर चांगला प्रकाश टाकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने सरकारी व व्यापारी माहितीच्या रक्षणासाठी एक सर्वमान्य कूटपद्धती हवी म्हणून १९७३ व १९७४ मध्ये प्रस्ताव मागवले. आयबीएम कंपनीची पद्धती निवडली गेली आणि जानेवारी १९७७ मध्ये ती 'डीईएस' या नावाने मानक म्हणून जाहीर झाली. दरम्यान 'एनएसए' या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा हात तीतून फिरला होता. किल्लीची लांबी ५६ अंकस्थानांवर आणण्यात आली होती आणि पद्धतीच्या गाभ्यातील कोष्टके कोणत्या निकषांवर रचली, हे सांगण्यास नकार देण्यात आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी याविरुद्ध गदारोळ उठवला. किल्ली आखूड आहे, पुरेसा पैसा ओतल्यास ती एका दिवसात शोधून काढणारे यंत्र बनवता येईल, असे त्यांनी हिशेब मांडून सांगितले. आणि गुप्त कोष्टकांत एखादे चोरदार तर ठेवलेले नाही ना, अशी शंका अनेकांनी बोलून दाखवली.

पुढे काय घडले ते मोठे उद्बोधक आहे. चोरदाराची शंका निराधार ठरली. एली बिहॅम आणि आदी शामीर या इस्रायली गणितज्ञांनी १९९० च्या सुमारास कूटपद्धती फोडण्याचे एक नवे तंत्र प्रसिद्ध केले, तेव्हा असे आढळले की डीईएसची कोष्टके नेमक्या याच तंत्राला तोंड देण्यासाठी घडवलेली आहेत. आयबीएमच्या शास्त्रज्ञांना हे तंत्र १९७४ मध्येच ठाऊक होते. गुप्तचर संस्थेच्या सांगण्यावरून ते दडवून ठेवल्याचे १९९४ मध्ये त्यांच्यापैकीच डॉन कॉपरस्मिथ यांनी लिहून टाकले. किल्लीविषयीची तक्रार मात्र अचूक निघाली: १९९८ मध्ये अडीच लाख डॉलर्सहून कमी खर्चात बांधलेल्या एका यंत्राने ५६ तासांत ती शोधून काढली. म्हणजे गुप्ततेने दोन्हीकडून हानी केली. जो भाग निर्दोष होता त्याच्यावर वीस वर्षे संशयाचे सावट राहिले आणि जो सदोष होता तो, विद्यापीठातून ओरड होऊनही, बँकांच्या व्यवहारात तसाच चालू राहिला.

याचा बोध अमेरिकी मानक संस्थेने घेतला, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. डीईएसचा वारस निवडण्यासाठी तिने १९९७ मध्ये जगाला खुले आव्हान दिले. पंधरा प्रस्ताव स्वीकारले गेले. त्यांत आयबीएमसारख्या कंपन्या होत्या, तसेच केंब्रिजपासून इस्रायल-नॉर्वेपर्यंतचे प्राध्यापक होते. प्रत्येकाने आपली पद्धती उघड मांडायची आणि इतरांनी ती जाहीरपणे फोडण्याचा प्रयत्न करायचा, असा हा शास्त्रार्थ तीन वर्षे चालला. ऑक्टोबर २००० मध्ये विजयी म्हणून घोषित झाली ती दोघा बेल्जियन तरुणांची पद्धती. त्यांपैकी व्हिन्सेंट रायमेन लूव्हेन विद्यापीठात संशोधक होते, तर योआन डेमेन बँकांच्या कार्ड-व्यवहारांची सुरक्षा पाहणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्याचा याहून नेमका दाखला शोधून सापडणार नाही. आज भ्रमणध्वनीपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत सर्वत्र जी 'एईएस' पद्धती वापरली जाते, ती हीच. अमेरिकेच्या सरकारने आपल्या गुप्त कागदपत्रांसाठीही परकीयांची पद्धती स्वीकारली; कारण ती कोणाची आहे यापेक्षा ती किती जणांनी फोडू पाहिली आणि किती जण हरले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

परंतु उत्तम कुलूप तयार झाले म्हणून चोरी थांबते असे नाही, आणि येथेच या विषयाचा खरा गुंता सुरू होतो. केंब्रिज विद्यापीठातील रॉस अँडरसन यांनी १९९३ मध्ये ब्रिटिश बँकांच्या एटीएममधील गैरव्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. (अँडरसन यांचे मार्च २०२४ मध्ये निधन झाले.) त्यांचा निष्कर्ष असा की, चोरांनी कूटपद्धती फोडल्याची उदाहरणे जवळजवळ नाहीत, पैसे गेले ते ढिसाळ व्यवस्थेमुळे, यंत्रणा बसवतानाच्या चुकांमुळे आणि आतल्या माणसांच्या लबाडीमुळे. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण अर्थशास्त्राचे होते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने वादग्रस्त व्यवहाराचा भार मुख्यतः बँकेवर टाकला होता. ब्रिटनमध्ये त्या काळी ग्राहकाने 'हे पैसे मी काढले नाहीत' असे म्हटले, की 'आमची यंत्रणा चुकूच शकत नाही' असे उत्तर देऊन बँका मोकळ्या होत. सामान्य समजुतीप्रमाणे ब्रिटिश बँका नफ्यात राहावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांनी सुरक्षेवर अमेरिकी बँकांपेक्षा अधिक खर्च केला आणि तरी त्यांच्याकडे गैरव्यवहार अधिक झाले. ज्याला हलगर्जीची किंमत मोजावी लागत नाही तो सावध राहत नाही, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती. केंब्रिजजवळच्या एका पोलीस शिपायाने आपल्या खात्यातून परस्पर पैसे गेल्याची तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीचा खटला भरण्यात आला आणि १९९४ मध्ये तो दोषीही ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण इंग्लंडातही लागू पडते तर! अपिलाच्या वेळी त्याच्या बाजूच्या तज्ज्ञांना आपले संगणक तपासू देण्यास वित्तसंस्थेने नकार दिला, तेव्हा १९९६ मध्ये त्याची मुक्तता झाली.

या एका प्रकरणावरून असे दिसेल की माहितीच्या सुरक्षेचा अभ्यास हा केवळ संगणकशास्त्राच्या विभागाचा खाजगी प्रांत नव्हे. त्याला अर्थशास्त्रज्ञ हवा, कायदेपंडित हवा, मानसशास्त्रज्ञ हवा. भारतातील फसवणुकीचा फार मोठा भाग 'डिजिटल अटक', गुंतवणुकीची आमिषे, बँकेच्या नावाने येणारे दूरध्वनी यांचा आहे. तेथे यंत्र फोडले जात नाही, माणूस फोडला जातो. निवृत्त शिक्षक किंवा अधिकारी दिवसचे दिवस पडद्यावरील तोतया पोलिसाच्या आज्ञा का पाळतो, याचे उत्तर गणिताच्या पुस्तकात नाही. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाच्या दायित्वाविषयी नियम केले. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणी असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याने काहीही भरावयाचे नाही. आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची, असे त्यात म्हटले होते. पण ग्राहकाने निष्काळजीपणे गुप्त क्रमांक सांगितला असल्यास, बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. निष्काळजीपणा कशाला म्हणावे, आणि कसलेल्या ठकापुढे फसणे हा निष्काळजीपणा आहे काय, या प्रश्नांवर बँकांच्या प्रत्यक्ष नोंदी पाहून संशोधन करणारे किती अर्थशास्त्रज्ञ व मानसशास्त्रज्ञ आपल्या विद्यापीठांत आहेत?

संशोधकाने दोष शोधून काढला की उद्योगाची पहिली प्रतिक्रिया बहुधा वकिलाला बोलावण्याची असते. नेदरलँड्समधील नायमेखन विद्यापीठाच्या संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले की, 'मायफेअर क्लासिक' ही चिप बसवलेल्या प्रवास-पत्रांची नक्कल करता येते. ही चिप लंडनच्या भुयारी रेल्वेपासून डच रेल्वेपर्यंत कोट्यवधी कार्डांत होती. संशोधकांनी प्रथम सरकारला व उत्पादक कंपनीला कळवले. कंपनीने निबंधाचे प्रकाशन थांबवण्यासाठी न्यायालय गाठले. आर्नेमच्या न्यायालयाने जुलैमध्ये ती मागणी फेटाळली; नुकसान होईल ते निबंध छापल्यामुळे नव्हे, तर सदोष चिप बाजारात आणल्यामुळे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पाच वर्षांनी, २०१३ मध्ये, मोटारींच्या चोरीला आळा घालणाऱ्या एका चिपविषयी जवळजवळ असाच वाद इंग्लंडच्या उच्च न्यायालयापुढे आला. फोक्सवॅगनच्या मागणीवरून न्यायालयाने प्रकाशनाला मनाई केली. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, तडजोड होऊन तो निबंध छापला गेला. त्यातून गाळले गेले ते फक्त एक वाक्य. एका वाक्यासाठी दोन वर्षे!

भारतात असा वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंतही सरळ मार्गाने जाणे कठीण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमाने मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे निषिद्ध ठरवले आहे आणि ६६ व्या कलमाने, ते अप्रामाणिकपणे केले असल्यास, तुरुंगवासाची तरतूद केली आहे. संशोधकाचा हेतू प्रामाणिक होता की नव्हता, हे प्रथम ठरवणार पोलीस ठाण्यातील अधिकारी. कायद्याने संशोधकाला असे स्वतंत्र अभय दिलेले नाही. मतदान यंत्राच्या सुरक्षेचा अभ्यास दोन परदेशी तज्ज्ञांसह प्रसिद्ध करणारे हैदराबादचे अभियंता हरी प्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये अटक करून मुंबईस आणण्यात आले. तपासासाठी वापरलेले यंत्र मुंबईच्या सरकारी गोदामातून गेलेले होते, हा आरोप गंभीर होता आणि त्याची चौकशी होणे रास्तच होते. त्या अभ्यासाचे निष्कर्ष निवडणूक आयोगाला मान्य नव्हते, तेही त्याला म्हणता येते. पण अभ्यासासाठी यंत्र रीतसर मिळवण्याची वाट असती, तर गोदामाचा प्रश्नच उद्भवला नसता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन व संख्याशास्त्र यांसाठी, काही अटींवर, सवलत ठेवलेली आहे. म्हणजे संसदेला संशोधनाची आठवण होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्याला हात लावताना ती का होऊ नये?

विद्येची उणीव आहे असेही नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने कूटशास्त्राची परंपरा जोपासली आणि 'इंडोक्रिप्ट' ही परिषद २००० पासून भरत आहे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे झटपट व निश्चितपणे ठरवण्याची रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत मणींद्र अग्रवाल आणि त्यांच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी शोधली, तेव्हा जगाने तिची वाखाणणी केली. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादेस 'आयडीआरबीटी' ही संस्था बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधनासाठीच स्थापन केली. बँकांनी हल्ल्यांची माहिती परस्परांना कळवावी म्हणून तेथे २०१४ पासून एक व्यवस्थाही आहे. सारा सांगाडा उभा आहे. त्यात प्राण फुंकणारी गोष्ट, म्हणजे खरीखुरी माहिती, अभ्यासकाच्या हाती पडत नाही. २०१३ च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणाने पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ घडवण्याचा संकल्प सोडला होता. तज्ज्ञ पोहणे शिकतो ते पाण्यात उतरून. कोरड्या काठावर पदविकांची खैरात करून पाच लाखांचा आकडा गाठलाच, तरी त्याचा उपयोग मर्यादित आहे.

उद्योगाचा पैसा विद्यापीठात आला की प्राध्यापकाची जीभ जड होते, असा आक्षेप डाव्या विचाराची मंडळी घेतात आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या कंपनीच्या देणगीवर प्रयोगशाळा चालते, तिच्याच यंत्रणेतील छिद्र चव्हाट्यावर मांडण्याचे धैर्य किती जणांत असते? ब्रिटनच्या कार्ड-उद्योगाच्या संघटनेने २०१० मध्ये केंब्रिजला पत्र लिहून एका विद्यार्थ्याचा प्रबंध महाजालावरून काढण्याची मागणी केली. कार्डातील चिपला गुप्त क्रमांकाविनाच फसवता येते, या शोधाशी तो निगडित होता. अँडरसन यांनी ती मागणी साफ धुडकावली. ती धुडकावता आली, कारण त्या विद्यापीठाचे पोट त्या संघटनेवर अवलंबून नव्हते. म्हणून सहकार्य म्हणजे देणगी आणि फलकावरील नाव असा अर्थ होता कामा नये. सहकार्याचा करार माहितीचा असावा, आणि दोष सापडल्यास कळवण्याची मुदत किती, त्यानंतर प्रकाशनाचा हक्क कोणाचा, हे त्यात आरंभीच लिहिलेले असावे. केंब्रिजमध्येच २०१५ पासून चालणारे सायबर-गुन्हे अभ्यासकेंद्र गुन्ह्यांविषयीची आधारसामग्री अन्य विद्यापीठांना कायदेशीर करार करून देते. ही पद्धत भारतात आणण्यास फार मोठा खर्च येणार नाही.

दोष प्रसिद्ध केल्याने चोरच शहाणे होतात, हा दुसरा आक्षेप. त्याला अलीकडच्या एका घटनेने उत्तर दिले आहे. भावी क्वांटम संगणकांपुढे आजची काही कुलपे टिकणार नाहीत म्हणून अमेरिकी मानक संस्थेने २०१६ मध्ये पुन्हा खुली स्पर्धा मांडली. 'साइक' नावाची एक पद्धती अखेरच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचली होती. तिच्या रचनाकारांत विद्यापीठांचे व बड्या कंपन्यांचे नामांकित शास्त्रज्ञ होते. २०२२ च्या उन्हाळ्यात लूव्हेनच्या दोन गणितज्ञांनी ती साध्या संगणकावर तासाभरात फोडून दाखवली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गणितातील एक प्रमेय त्यांना उपयोगी पडले होते. ही पद्धती बंद खोलीत निवडली गेली असती, तर आज ती बँकांत बसलेली असती आणि ते प्रमेय प्रथम कोणी वाचले असते, कोण जाणे. स्पर्धेतून तावून-सुलाखून निघालेली पहिली तीन मानके ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली.

भारतात मात्र वाहते वारे उलट्या दिशेचे दिसते. संगणकीय हल्ल्यांची नोंद ठेवणाऱ्या 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये फर्मान काढले की प्रत्येक कंपनीने अशी घटना लक्षात येताच सहा तासांत कळवावी. हा नियम कडक असला तरी योग्य आहे. त्यामुळे हल्ल्यांचा देशातील सर्वांत समृद्ध संग्रह एका ठिकाणी जमू लागला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने हीच संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेबाहेर नेली. राष्ट्राच्या सुरक्षेचे कारण त्यामागे असेल, आणि एखाद्या वीजकेंद्राचा नकाशा कोणी अर्ज करून मागावा असे कोणीच म्हणणार नाही. पण बँकेचे नाव, ग्राहकाचे नाव, यंत्रणेचा पत्ता काढून टाकून, घटना घडल्यापासून दोन वर्षांनी, तो संग्रह आयडीआरबीटी, सांख्यिकी संस्था आणि आणखी पाच-दहा विद्यापीठे यांच्या संशोधकांपुढे, हवे तर शपथपत्रावर सह्या घेऊन, ठेवण्यात कोणत्या राष्ट्रीय हिताला बाधा येते, हे सरकारने सांगावयास हवे. कॉसमॉस बँकेचे प्रकरण त्यात पहिले असण्यास हरकत नाही. त्यातील अकरा जणांचा निकाल लागला आहे. आणि ज्या चोरांना तो तोतया कसा बनवला हे ठाऊक आहे, त्यांच्यापासून लपवण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.